चिकारा

लष्करात, दौलतगंजच्या वळणावरच्या आमच्या बिऱ्हाडात
अण्णांनी दोन मुलींची वाटणी लवकरच करून टाकली:
नलू गाते.
धाकटी शिंकते.

खोटं नव्हतं ते. तानपुऱ्याची गवसणी काढली
की जुनी धूळ उडायची, कापराचा वास,
मी 'सा' लावायला तोंड उघडायची
आणि नाक आधी पोचायचं.
चौथ्या महिन्यात अण्णा म्हणाले, "तू आपली गणितं कर."

गणितंच केली मग. वनखात्यात लागले.
नलू रेडिओवर गेली,
मी घाटीगावच्या खोऱ्यात, बाभळीबाभळींतून,
हातात तक्ता, तक्त्याला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल.
रामहेत वनरक्षकानं पहिल्याच दिवशी ओळख करून दिली:
"छींकता है, इसलिए छिंकारा."
घाबरला की हंबरत नाही, किंचाळत नाही,
पुढचा पाय आपटतो
आणि नाकातून, छिं.
एवढंच.
मी त्या जनावराकडे नातेवाइकासारखं पाहिलं.

तुलना करू नये म्हणतात. मी नोकरीच मोजण्याची केली.
चिंकारा: अर्ध्या पोत्या गव्हाएवढा.
दयाळ: दोन पेढे, फार तर.
हद्द मात्र दोघांनाही लागते.
दयाळ ती गाऊन आखतो, शेंड्यावर बसून, रोज पहाटे नव्यानं;
चिंकारा लेंड्यांचा ढीग घालतो,
त्याच जागी, पुन्हा पुन्हा.
(हे मी एकदा पंगतीत सांगितलं.
नलू पानावरून उठली.)

आणि पाखरू गातं म्हणतात, ते बारा महिने कुठे?
पौषात पाहा, झुडपात शिरून नुसतं चरचरतं,
कुणी ओळख देत नाही.
हा मात्र उन्हातान्हात तसाच,
शेपटीची काळी वात सारखी हलती,
पाणी नसेल तर पानांवरच्या दवावर भागवतो.

अण्णांच्या खुंटीला एक वाद्य होतं,
सारंगीची गरीब चुलत बहीण, तीन तारांची.
त्याचंही नाव चिकारा. कुणी वाजवत नसे.
हिंदी कोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी राहतात,
हरीण आणि बाजा,
भांडण नाही, तंटा नाही.

मागच्या दिवाळीआधी नलूच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.
गाठ गेली. गाठीबरोबर वरचं सप्तक गेलं,
मग मधलंही.
आता ती कुजबुजते, आणि फोनवर कोणी "कोण बोलतंय?" विचारलं
की फोन ठेवून देते.

चैत्रात तिला जीपमध्ये घातलं. काही ठरवून नाही.
घरात ती दिवसभर खुंटीकडे पाहत बसते, म्हणून.
खोऱ्याच्या काठावर इंजिन बंद केलं.
उजाडायला थोडं कमी होतं.
बाभळीच्या टोकावर दयाळ सुरू झाला,
एक लांब शीळ, मग तिची मोडतोड, मग पुन्हा लांब.
नलू मान तिरकी करून ऐकत होती,
परीक्षकासारखी.
"धैवत जरा उतरलाय," ती कुजबुजली.
मी म्हटलं, सकाळ आहे, गळा तापायचा असेल.

तेवढ्यात खालून, सुकलेल्या नाल्यातून,
पाय आपटल्याचा आवाज.
आणि छिं.

नलूनं माझ्याकडे पाहिलं. मी शपथेवर सांगितलं,
मी नाही.
तिचे खांदे हलायला लागले.
आवाज नव्हताच त्या हसण्याला, नुसती हवा,
पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हवा.
मग शालीत नाक खुपसून ती स्वतःच शिंकली,
मोठ्यांदा,
सहा महिन्यांत तिच्याकडून निघालेला
सगळ्यांत मोठा आवाज.
दयाळ गप्प झाला.

तक्त्यावर लिहिलं: नर एक, दिसला नाही, आवाजावरून.
पाखरासाठी रकाना नाही.
बहिणीसाठीही नाही.
"आणखी किती मोजायचेत?" तिनं विचारलं.
तीन तरी हवेत, मी म्हटलं, एकानं काय होतं.
"चिकार झालं," ती म्हणाली,
आणि किल्लीवरचा माझा हात धरून ठेवला,
कारण शेंड्यावर तो पुन्हा
सूर शोधत होता.